सेप्टिक टाकी सारखी भरतेय? मैल्याची गाडी बोलावण्याआधी हे तपासा

टाकी उपसून जेमतेम आठवडा झालेला असतो आणि झाकण उघडून बघावं तर पाणी पुन्हा होतं तिथं. गाडीवाल्यानं अर्धवटच उपसली असा संशय येतो, दुसऱ्या गाडीला फोन जातो, पुन्हा पैसे. महिन्याभरानं तेच.

यात पहिली गल्लत अशी की भरलेली टाकी हा बिघाड नसतो. सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. एका टोकानं बादलीभर सांडपाणी आत आलं की दुसऱ्या टोकानं तेवढंच निवळलेलं पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात जातं. आत राहतो तो तळाचा गाळ आणि वर तरंगणारी घट्ट साय.

हिशोब करून बघा. आयएस २४७० या भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली असलेली टाकी लागते. म्हणजे साधारण ११२५ लिटर. माणशी रोजचा पाणीवापर १३५ लिटर धरला आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी झालं, तर पाच जणांचं दिवसाला ५४० लिटर होतं. सगळं घर टाकीला जोडलेलं असेल तर रिकामी टाकी दोन दिवसांत भरणार. फक्त संडास जोडलेला असेल आणि माणशी ४० लिटर पाणी पडत असेल, तर पाच-सहा दिवस. त्यामुळे 'आठवड्यात भरली' ही तक्रारच नव्हे. तक्रार कधी? पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या वर चढलं, भांड्यातलं पाणी उतरेना, चेंबर उफाळलं, अंगणात ओल आणि वास आला, तेव्हा. आणि त्या वेळी दोष बहुतेक वेळा टाकीच्या पुढे, शोषखड्ड्यात असतो. टाकी उपसून फक्त काही दिवसांची उसंत विकत घेतली जाते.

झाकण उघडण्याआधी

टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. पहिला पेट घेतो. दुसरा हवेपेक्षा जड असतो आणि जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो; म्हणून 'आता वास येत नाही, म्हणजे वायू निघून गेला' हा अंदाज जीवघेणा आहे. विडी-सिगारेट, काडेपेटी, उघडा दिवा जवळ नको. झाकण सरकवून दूर व्हा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, आत वाकून बघू नका. तपासणी काठीनं आणि टॉर्चनं बाहेरूनच करायची. मोबाइल पडला, पाइपाची टी (इंग्रजी T आकाराचा जोड) निखळली, काहीही झालं तरी आत कुणी उतरायचं नाही, कमरेला दोर बांधूनही नाही. एकटे असाल तर झाकणाला हात लावू नका. उघडं झाकण सोडून फोन घ्यायलाही जाऊ नका; लहान मुलं आणि गुरं दोन्ही त्यात पडतात.

दोष कुठं आहे हे कसं ओळखायचं

घरापासून टाकीकडे जात जात बघा. एकच संडास तुंबतोय आणि बाकी सगळं वाहतंय, तर टाकीचा काही संबंध नाही. त्या भांड्याच्या सापळ्यात किंवा त्या जोडणीत अडथळा आहे. सगळंच तुंबलं असेल तर घर आणि टाकी यांच्यामधलं चेंबर उघडा. चेंबर कोरडं असून घरात पाणी थांबतंय, तर अडथळा चेंबरच्या अलीकडे. चेंबर तुडुंब असेल तर पुढे टाकीकडे चला.

टाकीची दोन्ही झाकणं उघडून पाण्याची पातळी बघा. ठरलेली पातळी म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपचा तळ. चार शक्यता आहेत.

पातळी ठीक, पण आत येणाऱ्या पाइपपाशी मैला साचलाय: इनलेटची टी चोंदली आहे. लांब बांबूनं वरच्या तोंडातून सरळ खाली ढोसलं की मोकळी होते. ही टी चार इंची पाइपाची असते, तिचं खालचं टोक पाण्यात एक फूट बुडलेलं आणि वरचं टोक सायीच्या वर उघडं हवं. बरेच मिस्त्री टीऐवजी एल्बो लावतात. एल्बोला वरचं तोंड नसतं, म्हणजे चोंदल्यावर ढोसायला जागाच उरत नाही. टी पुन्हा पुन्हा चोंदत असेल तर टाकीकडे येणाऱ्या पाइपाचा उतार तपासा. पाच फुटांना साधारण सव्वा इंच उतार पुरतो. अगदी सपाट पाइपात मैला बसतो. फार तीव्र उताराच्या पाइपातून पाणी जोरात येऊन टाकीतला गाळ ढवळतं.

पहिल्या खणात पाणी वर, दुसऱ्यात खाली: मधल्या भिंतीचं भोक बुजलंय. तिथंपर्यंत साय किंवा गाळ पोचला म्हणजे उपसा खरोखरच लांबला आहे. गाडी बोलवा.

दोन्ही खणांत पाणी आउटलेटच्या वर: आता शोषखड्डा उघडा. तो कोरडा असेल तर मधला पाइप बंद आहे. झाडाची मुळं, ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, खचलेला सांधा, यांपैकी काहीतरी सापडेल. खड्डाही पाइपाच्या तोंडापर्यंत भरलेला असेल, तर पाणी जमिनीत मुरेनासं झालंय.

पातळी आउटलेटच्या खूप खाली, आणि टाकी अलीकडे उपसलेली नाही: टाकी गळतेय. घरात काही तुंबत नाही म्हणून लोक यावर खूश असतात. पण टाकी कधीच भरत नाही याचा अर्थ कच्चा मैला थेट जमिनीत जातोय. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर ते पाणी पिणं ताबडतोब थांबवा आणि नमुना तपासायला द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासलं जातं. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीमध्ये ई. कोलाय जंतू एकही चालत नाही.

आणखी एक छुपा चोर असतो, गळका फ्लश. मिनिटाला १०० मिली गळणारी फ्लशची टाकी दिवसाला १४४ लिटर पाणी निमूटपणे शोषखड्ड्यात ढकलते. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं कुणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदला. खड्ड्याचं काम करण्याआधी ही तपासणी नक्की करावी. नाहीतर काही रुपयांच्या रबरापायी अंगण खणलं जातं.

शोषखड्डा का मरतो

सर्वांत मोठं कारण म्हणजे टाकीतून घाण पुढे वाहून जाणं. आउटलेटलाही इनलेटसारखीच टी लागते, म्हणजे पाणी मधल्या निवळ थरातून बाहेर पडतं. ही टी निखळून पडली, किंवा मुळात लावलीच नाही, तर साय आणि तेलकट तवंग थेट खड्ड्यात जातात. खड्ड्याच्या भिंतींवर काळपट, बुळबुळीत लेप बसतो आणि मातीची छिद्रं बुजतात. उपसा वर्षानुवर्षं न करण्याचा परिणामही हाच: गाळ आउटलेटच्या उंचीला आला की टाकी नुसता पाइप बनते. खड्डा मेल्यावर टाकी कितीही स्वच्छ केली तरी तो लेप जात नाही.

दुसरं कारण स्वयंपाकघर. मोरीचं तेलकट पाणी टाकीला जोडलं असेल तर मध्ये तेल अडवणारं छोटं चेंबर हवं आणि त्यावरची चरबी दर पंधरवड्याला काढून टाकायला हवी. जागा असेल तर मोरी, नहाणी आणि वॉशिंग मशीनचं पाणी टाकीत घालूच नका. त्याला वेगळा शोषखड्डा किंवा परसात केळी-अळूच्या वाफ्यांची सोय करा. वर दिलेल्या हिशोबात पाणी ५४० वरून २०० लिटरवर येतं ते यामुळेच. गच्चीचं पावसाचं पाणी मात्र कुठल्याही परिस्थितीत टाकीत नको. बांधकामाच्या वेळी 'जवळच आहे' म्हणून जोडलेला पन्हाळीचा पाइप जुन्या घरांत हमखास सापडतो.

तिसरं कारण जमीन. मुरमात पाणी चांगलं मुरतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते. कोकणात जांभ्याच्या भेगांतून पाणी फार सहज निघून जातं, खड्डा कधी तुंबत नाही, आणि नेमकं म्हणूनच शेजारची विहीर बिघडते. कातळ लागला तर खड्डा म्हणजे दुसरी टाकीच. 'दहा फूट खणा, होईल' असं सगळ्यांना सरसकट सांगणाऱ्या कंत्राटदाराकडे दुर्लक्ष करा आणि मुरण्याची चाचणी स्वतः घ्या. खर्च काही नाही, दोन दिवस लागतात.

नव्या खड्ड्याच्या जागी, पाणी ज्या खोलीवर मुरायला हवं त्या खोलीवर, चार इंच रुंदीचं भोक घ्या. भिंती खरवडून मोकळ्या करा, कारण पहारीनं त्या घोटून चकचकीत झालेल्या असतात. तळाशी दोन इंच बारीक खडी टाका. वर एक फूट पाणी भरून रात्रभर ठेवा, म्हणजे माती पोटभर पिऊन घेते. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर सहा इंच पाणी ठेवून अर्ध्या तासात किती मिलिमीटर उतरलं ते मोजा. ७५० ला त्या आकड्यानं भागा. येतील ती पाणी २५ मिलिमीटर उतरायला लागणारी मिनिटं.

समजा ८३ मिलिमीटर उतरलं. मिनिटं आली ९. मानकातलं सूत्र असं: २०४ भागिले मिनिटांचं वर्गमूळ. २०४ भागिले ३ म्हणजे ६८. प्रत्येक चौरस मीटर भिंत दिवसाला ६८ लिटर पाणी घेईल. ५४० लिटरला आठ चौरस मीटर भिंत लागेल. १.२ मीटर व्यासाचा खड्डा पाइपाच्या खाली २.१ मीटर खोल घेतला की काम झालं. मिनिटं २५ आली असती तर दर चौरस मीटरला ४१ लिटर, म्हणजे तेरा चौरस मीटर भिंत, म्हणजे एकच खड्डा साडेतीन मीटर खोल. त्यापेक्षा दोन खड्डे बरे. खड्ड्याचा तळ हिशोबात धरायचा नाही, तो सर्वांत आधी बुजतो.

अर्ध्या तासात इंचभरही पाणी उतरलं नाही, तर त्या जागी शोषखड्डा चालणार नाही. पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी १.८ मीटरच्या वर येत असेल तरीही नाही. अशा ठिकाणी आडवे चर जमिनीच्या वर मुरमाचा उंचवटा करून त्यात घालतात, किंवा टाकीनंतर खडीतून पाणी खालून वर चढवणारी गाळणी बसवतात. गाळणीतून निघालेलं पाणीही कुठंतरी सोडावं लागतंच आणि ते गटारात सोडायचं तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला विचारून. टाकीचा आउटलेट सरळ उघड्या गटारात काढणं हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय आहे.

शोषखड्ड्याची अंतरं: विहीर किंवा बोअरपासून किमान १८ मीटर, राहत्या घरापासून ६ मीटर. जांभा किंवा भेगाळ खडक असेल तर हे १८ पुरत नाहीत, जितकं लांब नेता येईल तितकं न्या. शेजाऱ्याची विहीरही मोजा, कुंपण बघून पाणी थांबत नाही.

बांधताना खड्ड्याच्या भिंतीत पाइपाच्या खाली सांध्यांना सिमेंट भरू नका. वीट किंवा चिरा कोरडा, फटी ठेवून रचायचा आणि मागे तीन इंच जाड खडी भरायची. वरचा फूटभर भाग पक्का बांधायचा, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी आत येत नाही. सगळा खड्डा सिमेंटनं घोटून देणारे मिस्त्री अजूनही भेटतात. त्यांच्या लेखी ते 'मजबूत काम' असतं. जागा असेल तर दोन खड्डे आणि मध्ये एक चेंबर करा, त्यात एका तोंडाला गुडदी मारता येईल असं. सहा महिने एक चालवायचा, सहा महिने दुसरा. विश्रांती मिळाली की भिंतीवरचा लेप वाळून बराचसा सुटतो आणि खड्डा पुन्हा पाणी घ्यायला लागतो. मेलेला जुना खड्डाही याच कारणानं लगेच बुजवू नये.

पावसाळ्यातच त्रास होत असेल तर

जुलैमध्ये तुंबणं आणि दिवाळीनंतर आपोआप बरं होणं, हे भूजल वर आल्याचं लक्षण आहे. त्या दिवसांत गाडी बोलावली तर खड्ड्यातलं पाणी उलट टाकीत येतं आणि संध्याकाळपर्यंत परिस्थिती होती तशी. शिवाय भर पावसात टाकी पूर्ण रिकामी करण्यात धोका आहे. प्लॅस्टिकची किंवा फायबरची हजार लिटरची रिकामी टाकी बाहेरच्या पाण्यामुळे टनभर जोरानं वर उचलली जाते, पाइप तुटतात. विटांची जुनी टाकी आत ढासळू शकते. अगदीच नाइलाज असेल तर निम्मीच उपसा आणि लगेच साधं पाणी भरा. त्या काळात मशीन आणि नहाणीचं पाणी टाकीबाहेर वळवणं, हाच खरा उपयोगी उपाय. टाकीचं झाकण जमिनीच्या पातळीत असेल तर त्याला सहा इंच उंच कठडा करून घ्या.

पावडरी, मीठ, ॲसिड

ॲसिड गिलावा खातं आणि जंतू मारतं. फिनाइल, ब्लीचिंग नेहमीच्या साफसफाईपुरतं चालतं, बाटलीभर ओतणं चालत नाही. मीठ आणि युरिया टाकण्याला काहीही आधार नाही. बाजारातल्या जंतूंच्या पावडरीनं मेलेला खड्डा जिवंत होत नाही आणि गाळ उपसणं टळत नाही. नवी टाकी सुरू करताना आधी पाणी भरून चालू टाकीतला थोडा गाळ किंवा कुजलेलं शेण टाकलं तर जंतूंचं काम लवकर जमतं, इतकंच.

एअर पाइपच्या तोंडाची जाळी दरवर्षी बघा. ती फाटली की टाकीत क्युलेक्स डास वाढतात. नायलॉनचं कापड तारेनं घट्ट बांधलं तरी पुरतं.

उपसा कधी आणि कसा

टाकीचं माप काढताना माणशी वर्षाला साधारण ७० लिटर गाळ धरतात. त्या हिशोबानं दोन-तीन वर्षांनी एकदा उपसा लागतो. अंदाजावर राहू नका, मोजा. लांब काठीच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरं जुनं टॉवेलचं कापड गुंडाळा, आउटलेटच्या बाजूनं सावकाश तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं थांबून सरळ वर काढा. कापडावर जिथपर्यंत काळा गाळ चिकटलेला दिसेल ती गाळाची उंची. त्यात सायीची जाडी मिळवा. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाच्या वर गेले की गाडी सांगा, निम्म्याची वाट बघू नका. फेब्रुवारी ते मे हे दिवस उत्तम. गाडीवाल्याला दोन्ही खण उपसायला सांगा. बरेच जण पहिल्याच झाकणातून पाणी ओढून मोकळे होतात आणि खालचा घट्ट गाळ तसाच राहतो. तळाला इंचभर गाळ मात्र मुद्दाम ठेवायचा, पुढच्या जंतूंचं ते विरजण. भिंती घासून धुवायच्या नाहीत.

उपसा यंत्रानंच. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यानं सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला बंदी आहे, आणि ही बंदी घरमालकालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशी सफाई करताना होणाऱ्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. 'पोरगं पटकन उतरून बघेल' असं गाडीवाला म्हणाला तर तिथंच काम थांबवा. १४४२० ही यासाठीची मदतवाहिनी आहे.

नोंद

टाकी बांधकाम परवानगीच्या नकाशात दाखवलेली असते, पण प्रत्यक्षात ती पाच फूट सरकलेली आणि वर फरशी घातलेली, हे नेहमीचं. म्हणून खरा नकाशा स्वतः काढा. घराच्या दोन कोपऱ्यांपासून प्रत्येक झाकणाचं अंतर, टाकीची आतली मापं, खणांची संख्या, पाइपाचा मार्ग, खड्ड्याची जागा आणि खोली, विहिरीपर्यंतचं अंतर, हे सगळं एका कागदावर येतं. फरशी घालण्याआधीचे फोटो जोडा. एक प्रत मिळकतीच्या कागदांत, आणि नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा स्वच्छतेचा सर्व्हे आला की एक त्यांना. वाई आणि सिन्नर इथं नगरपरिषदेनं ठरलेल्या चक्रानं घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली आहे. अशा ठिकाणी तुमची टाकी त्यांच्या यादीत आहे ना, आणि झाकण गाडीच्या पाइपाला उघडता येतं ना, एवढं बघायचं. जमिनीखाली गाडलेलं झाकण दिसलं की गाडी पुढच्या घरी जाते.

प्रत्येक उपशानंतर तारीख, गाडीचा नंबर, किती लिटर काढले, उपशाआधी गाळ किती होता, आणि मैला कुठं नेला हे लिहा. गाडीला स्थानिक परवाना आहे का आणि ती प्रक्रिया केंद्रात जाते की ओढ्यात, हा प्रश्न पावती घेतानाच विचारायचा. गाळाच्या दोन-तीन नोंदी झाल्या की तुमच्या घराचं चक्र दोन वर्षांचं की चारचं हे तुम्हालाच कळतं.

गावात भुयारी गटार आलं आणि जोडणी मिळाली, तर घराचा पाइप टाकीला वळसा घालून थेट गटाराला न्या. टाकी यंत्रानं उपसून घ्या, तळाला भोक पाडण्याचं काम वरूनच पहारीनं करा, मग मुरूम थर देत, पाणी मारत भरा. शोषखड्डाही तसाच. नुसती फरशी टाकून मोकळे सोडलेले खड्डे काही वर्षांनी गाडी उभी केली की खचतात.